चोरून मारलेले सेट

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. वेटलिफ्टिंगमधला तुझा स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेणं, अडकलाय, रात्री झोप लागत नाही, आणि तुझ्या कोच सरांनी वजनं उतरवायला सांगितल्यापासून तू धुमसतोयस. हे सगळं तू पानभर लिहिलंस. पण सर गेल्यावर गुपचूप स्क्वॉटचे, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठकांचे, जास्तीचे सेट मारतोस, हे मात्र एका ओळीत उरकलंस. मी त्या ओळीवरच अडकलोय.

सर हिशेब करतात तो वहीतल्या आकड्यांवर. तुझे चोरून मारलेले सेट वहीत नाहीत. म्हणजे तू थकलास की त्यांना वाटणार, दिलेलाच भार याला झेपत नाही. ते आणखी कमी करणार. मग तुला वाटणार, सरांचा माझ्यावर भरवसा नाही, आणि तू आणखी चोरणार. यात प्रोग्राम चांगला की वाईट हे कुणाला कधी कळणारच नाही, कारण तो धडपणे कुणी केलेलाच नाही.

बल्गेरियाचा दाखला तू देणार हे मला माहीतच होतं! तिथले कोच आबाजिएव्ह, त्यांचे लिफ्टर रोज जवळजवळ कमाल वजन उचलायचे, दिवसातून अनेकदा, मोजकेच प्रकार, आणि त्यातून जगज्जेते घडले, हे खरं. पण त्या पोरांना दुसरं कामच नव्हतं. उचलायचं, खायचं, झोपायचं. जे मोडले त्यांची नावं आपल्यापर्यंत येत नाहीत. आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दोन बल्गेरियन सुवर्णविजेते उत्तेजक चाचणीत सापडले, पदकं गेली, उरलेला संघ स्पर्धेतून बाहेर पडला, हेही त्याच गोष्टीत येतं. तू त्यातलं फक्त 'रोज जड' तेवढं उचललंस. त्यापेक्षा प्रिलेपिनचा तक्ता बघ, किती जड वजन किती वेळा उचलावं हे सांगणारा, सोव्हिएत लिफ्टरांच्या नोंदींवरून केलेला. आपल्या कमाल वजनाच्या ९० टक्क्यांच्या वर एका सत्रात एकूण ४ ते १० रेप्स, म्हणजे तेवढ्याच वेळा उचलणं. एवढंच. तो तक्ता म्हणजे वेदवाक्य नव्हे, पण तुझ्या रात्रीच्या सेटांना त्यात कुठे जागा सापडते का बघ.

थकवा वाईट नसतो. स्पर्धेआधी सर मुद्दाम थकवतात, मग भार उतरवतात, आणि अंगात जोर येतो. तसा थकवा थोड्या दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतो. खऱ्या ओव्हरट्रेनिंगमधून वर यायला महिनोन्‌महिने लागतात, आणि ते पकडणारी एखादी खात्रीची रक्ततपासणी नाही. म्हणून लहानसहान खुणा धरून ठेवायच्या: सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा वाढलेली, भूक मेलेली, विनाकारण चिडचिड, आणि परवापर्यंत सहज जाणारं वजन आज हळू वर येतं. स्नॅचमध्ये हे लवकर दिसतं, कारण तिथे ताकदीइतकीच वेळ साधावी लागते. बार पुढे पळतो, बारखाली शिरायला उशीर होतो. स्क्वॉट तेव्हाही बरा चाललेला असू शकतो. त्यावर खूष होऊ नकोस, वेटलिफ्टिंगमध्ये स्क्वॉटला पदक नसतं.

सरांवर विश्वास ठेव म्हणजे मान खाली घालून ते म्हणतील ते कर, असं मी म्हणत नाहीये. खरं सांगून बघ. झोप, नाडी, दुखणारं कोपर, आणि हो, ते चोरीचे सेटही. मग ते काय करतात ते पाहा. रागावले तर रागावू देत, तेवढं तुझ्या वाट्याला यायलाच हवं. पण रागावून झाल्यावर आकडे बदलले, कारण समजावून दिलं, तर त्या माणसाला सोडू नकोस. उलट 'थकवा म्हणजे नाटकं' एवढंच ऐकवलं, किंवा सुजलेल्या गुडघ्यावर जड सेट लादला, तर दुसरा कोच शोध. तेव्हा निष्ठेचा प्रश्न काढू नकोस. तुझ्या पत्रावरून मला ते तसे वाटत नाहीत. थकलेल्या पोराला जड वजन देणं सोपं असतं रे, तो खूषही होतो. उतरवायला सांगून त्याचा राग ओढवून घेणं अवघड.

हा आठवडा ते म्हणतात तसा हलका जाऊ दे. सकाळची नाडी लिहून ठेव. आणि सरांशी बोललास की ते काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द कळव, तुझं मत नंतर.

तुझाच,
मित्र