आळस आमचा, फरशी कुणाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत पहिल्याच पानावर आम्हा सोलापूरकरांना आळस झटकायला सांगणारा लेख आला आहे. सोबत फोटो आहे. ओली हिरवळ, पांढरे बूट घातलेली हसरी बाई आणि मागं धुकं. हे ठिकाण सोलापुरात कुठं आहे ते कळवलंत तर उपकार होतील. मी उद्याच तिकडं राहायला जातो.

आधीच सांगतो, माझं व्यायामाशी भांडण नाही. एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त झालो आणि वर्षभरात साखर निघाली. माझी भाची मिरजेला डॉक्टर आहे. ती म्हणाली, "मामा, गोळी मी लिहून देते, पण निम्मं औषध तुमच्या पायात आहे." तेव्हापासून आठवड्यातले पाच-सहा दिवस पहाटे फिरतो. सहा वर्षं झाली. गोळीचा डोस तेवढाच आहे, गुडघे कुरकुरत नाहीत आणि संध्याकाळी घरात माझा आवाज चढत नाही, असं सौ. सांगते. शेवटच्या मुद्द्यासाठी तीच मला पहाटे हलवून उठवते. तेव्हा चालण्याचे फायदे मला पुन्हा समजावून सांगायचे कष्ट घेऊ नयेत.

पण 'आळस' हा शब्द लागला. लेखक महाशयांनी लिहिलंय की रोज दहा हजार पावलं चालायला पैसे लागत नाहीत, फक्त इच्छाशक्ती लागते. या दहा हजाराची गोष्ट भाचीनं मला सांगितली होती. टोकियोत १९६४ साली ऑलिम्पिक झालं, त्या वाऱ्यावर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. आकडा पक्क्या संशोधनातून आलेला नाही, विकायच्या यंत्राच्या नावातून पसरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगतच नाही, मिनिटं सांगते. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, थोडा दम लागेल अशा बेतानं. म्हणजे रोज अर्धा तास, तोही पाच दिवस. हे छापलं असतं तर घरात बसलेली चार माणसं तरी उठली असती. दहा हजार ऐकून आमच्या शेजारचे अण्णा परत आडवे झाले. आमच्या आजोबांची शतपावली शंभराचीच होती, पण ती ते जेवल्यावर न चुकता करायचे. जेवणानंतर पाय हलले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे मला भाचीकडून कळलं. आजोबांना ते कुणी न सांगता करता येत होतं.

आणखी एक गोष्ट तिनंच सांगितली, ती तुमच्या लेखात असती तर मी पान कापून ठेवलं असतं. लंडनमध्ये दुमजली बस चालवणारे ड्रायव्हर आणि त्याच बसचे कंडक्टर यांची तुलना करून १९५३ साली एक अभ्यास छापला गेला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकार कंडक्टरांना कमी निघाला. हे ऐकल्यावर मी अक्कलकोट गाडीवरच्या माझ्या जुन्या ड्रायव्हरला फोन केला. तो म्हणाला, "म्हंजे माझ्या वाटचं पण तूच चाललास की बे!" आषाढीच्या जादा गाडीत पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत तिकीट फाडत जायचं म्हणजे काय असतं, ते त्यानं आरशात पाहिलंय. तेव्हा आम्हाला कुणी आळशी म्हटलं नाही.

आता लेखातला सल्ला क्रमांक तीन. रोज ठरावीक वेळी झोपा, सात-आठ तास सलग झोप घ्या. वा! आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं. पाचव्या दिवशी किती वाजता, हे ब्रह्मदेवाला ठाऊक नाही, चावीवाल्याला असेल. त्या रात्री नळाची तोटी उघडी ठेवून खाली स्टीलचं पातेलं पालथं घालून झोपायचं. आधी हवा फुसफुसते, मग पातेल्यावर ताडताड थेंब पडतात आणि गल्लीतले सगळे दिवे एकदम लागतात. वरच्या मजल्यावर दाब पोचत नाही, म्हणून पिंप, घागरी, हंडे, सगळं खालून वर. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, असंही ती जागतिक संघटना म्हणते. तेवढी सोय आमची परस्पर होते, त्याबद्दल संबंधितांचे आभार.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात असंच अडीचला पाणी आलं. चार वाजेपर्यंत भरलं. आता झोपून काय होणार म्हणून सव्वापाचला फिरायला निघालो. मी होम मैदानाकडं जातो, तिथून किल्ल्याच्या कडेनं एक फेरी मारतो आणि ग्रामदैवत सिद्धेश्वराला बाहेरूनच हात जोडून परत येतो. वाटेत रस्त्यावरचा दिवा बंद होता. फुटपाथवर गटाराच्या वर फरश्या टाकलेल्या आहेत, त्यातली एक नव्हती. आदल्या दिवशी होती, हे शपथेवर सांगतो, कारण तिचा कोपरा हलतो म्हणून मी तिच्यावर कधी पाय देत नसे. तिच्या पुढच्या फरशीवर पाय द्यायची सवय होती. अंधारात अंदाज चुकला. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत, उजवा हात टेकला तो मनगटात मोडला. एक दूधवाला थांबला. त्यानं मला वर काढलं, चप्पल शोधून दिली आणि म्हणाला, "आजोबा, या वयात एवढ्या अंधारात कशाला फिरता?" दवाखान्यात हेच ऐकलं. व्याह्यांनीही हेच विचारलं. म्हणजे घरात बसलो तर आळशी, बाहेर पडलो तर अविचारी. सोलापूरच्या म्हाताऱ्यानं नेमकं कुठं असावं, यावर एक लेख येऊ द्या.

सहा आठवडे प्लास्टर. हात गळ्यात बांधून चालता येतं, हे मला माहीत आहे, पण सौ.नं फिरायला म्हणून उंबरठा ओलांडू दिला नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी नंदीध्वजाची उंच काठी पेलायचा सराव करणारी पोरं रात्री घरासमोरून जायची, त्यांचे आवाज ऐकत बसायचो. (ती पोरं महिना-महिना घाम गाळतात, तेही सोलापूरकरच. लेखकाला दिसली नसतील.) भोगीच्या दिवशी मात्र हट्टानं जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला, सिद्धेश्वराच्या लग्नाला गेलो. सिद्धेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना माझा नमस्कार झाला तो एका हाताचा, आणि अक्षता टाकल्या त्या डाव्या हातानं. निम्म्या पुढच्या बाईंच्या अंबाड्यात पडल्या. जन्मात असं झालं नव्हतं. प्लास्टर निघाल्यावर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी केली, ६.९ ची ७.८ झाली होती. भाची फोनवर काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला जास्त भीती वाटते.

फरशीची तक्रार करायला मी प्लास्टर घेऊनच गेलो होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पहिल्या टेबलावरचे गृहस्थ भले होते. "काका, रस्ता आमच्याकडं, फुटपाथ आमच्याकडं, पण खालचं गटार आमच्याकडं येत नाही की ओ." मी म्हटलं, मी वरून आत गेलो, तेव्हा सुरुवात तुमच्याच हद्दीत झाली. ते हसले, चहा मागवला. अर्ज दुसऱ्या खिडकीवर द्यायला सांगितला. उजवा हात बांधलेला, डाव्या हातानं लिहिलेला माझा अर्ज पाहून तिथल्या बाई म्हणाल्या, "अक्षर वाचता येत नाही, टाईप करून आणा." आणला. पोच मिळाली. ती अजून जपून ठेवली आहे.

त्यानंतर कुणीतरी त्या खड्ड्यात बाभळीची फांदी खोचली आणि तिला लाल चिंधी बांधली. अडीच महिने आमच्या भागातली आरोग्यव्यवस्था त्या फांदीवर उभी होती.

लेखातल्या बाकी सल्ल्यांबद्दल थोडक्यात. दुपारच्या सुट्टीत ऑफिसबाहेर चक्कर मारा, असं लिहिलंय. हे मे महिन्यात पुन्हा छापू नका, पारा ४२-४३ ला असताना कुणी खरंच मनावर घेतलं तर तुमच्यावर येईल. नाश्त्याला किनोआ खा, असं मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यात सांगायला धाडस लागतं, ते तुमच्याकडं आहे. अर्थात भाकरीचा अभिमान मलाही महागात पडला आहे. ज्वारी आहे म्हणून चार भाकऱ्या खायचो. "मामा, तीही साखरच होते" म्हणून भाचीनं दोनवर आणलं. शेंगाचटणीतलं मीठ काढलं तर ती चटणी राहत नाही, तो वाद आमच्यात चालू आहे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा, असं तिचं म्हणणं. एवढं सगळं सांगून त्याच पानाच्या तळाला महिन्यात वजन उतरवणाऱ्या पावडरीची पाव पान जाहिरात! वर इच्छाशक्ती, खाली पावडर. वाचकानं काय घ्यावं?

जाहिरातीवरून आठवलं. गेल्या मंगळवारपासून शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी येत नाही. मेंदूला चालना द्या, हा तुमचाच सल्ला क्रमांक सात. आडवा ११ तीन अक्षरी 'जुनी बाजारपेठ' अजून अडलेला आहे. त्या जाहिरातीतून दोन ओळी जागा काढून उत्तर छापावं.

पत्र मोठं झालं, कापाल याची कल्पना आहे. लंडन कापा, जपान कापा, माझी साखर कापा. एवढंच ठेवा: आज सकाळी गेलो तर ती फांदी जागेवर नव्हती. होळी आली आहे, पोरांनी लाकडांत नेली असणार, त्यांची चूक नाही. तेव्हा होम मैदानाकडं अंधारात फिरायला येणाऱ्यांनी डाव्या हाताच्या फुटपाथवर बंद पानटपरी ओलांडली की फरश्या मोजाव्यात. सातवीनंतर रस्त्यावर उतरावं.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त एस.टी. वाहक), सोलापूर