आजीच्या ओव्या आणि दोन डिस्क

नेरुळ, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा नौपाड्याहून निघताना तुम्ही विचारलंत, "रेडचं कार्ड मिळतं, मग फुकटचं सॉफ्टवेअर कशाला?" रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या वापरणं; ते काम कार्डही करतं आणि सॉफ्टवेअरही. ट्रेनच्या घाईत उत्तर अर्धवटच राहिलं.

कार्ड वाईट नसतं. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो. चांगल्या कार्डाला बॅटरीही असते, त्यामुळे लाइट गेली तरी लिहायचं राहिलेलं ते सांभाळून ठेवतं. पण आमच्या महापेच्या ऑफिसात कार्डच जळालं. चारही डिस्क धडधाकट, तरी एक फाइल उघडेना! डेटा कुठे कसा वाटलाय, ते त्या जातीच्या कार्डालाच कळत होतं. लॅमिंग्टन रोड पालथा घातला, तसलं कार्ड मिळेपर्यंत चार दिवस गेले. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं एमडीएडीएम, म्हणजे तुम्ही म्हणता ते फुकटचं सॉफ्टवेअर, ही माहिती डिस्कवरच लिहून ठेवतं. उद्या तुमचा कॉम्प्युटर बंद पडला, तर डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावायच्या. म्हणून तुमच्याकडे तेच बसवलंय, रेड 1, दोन्ही डिस्कवर तेच.

आई, हे तुझ्यासाठी. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे गं. एक डिस्क मेली तर दुसरी तारेल, पण तू चुकून फोटो पुसलास तर तो दोन्हीकडून जाईल.

आजीच्या ओव्यांची जुनी डिस्क वाचताना अडखळत होती, आठवतं? तिला डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरून डेटा काढणारं सॉफ्टवेअर, लावून रात्रभर बसले. जे नीट वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं, मग पुन्हा तिथे जातं. सकाळी पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, हाती आली आणि फाइल मी त्या प्रतीतूनच काढल्या, मूळ डिस्कला पुन्हा हात लावला नाही. हेडफोन लावला. जात्याची घरघर, आजीचा खोकला, आणि तुझा आवाज, "आणखी एक म्हणा ना." मी किती वेळ रडत होते, सांगता येत नाही.

बाबा, सिस्टिमच्या डिस्कची इमेज क्लोनझिला या डिस्कची प्रत घेणाऱ्या सॉफ्टवेअरने घेतलीये. ते फक्त भरलेला भागच उचलतं, म्हणून फाइल आटोपशीर झाली. ती परत घालायची वेळ आली तर नवी डिस्क जुनीपेक्षा लहान घेऊ नका.

पुढच्या रविवारी तिसरी डिस्क आणते. ओव्या आणि फोटो तिच्यावर उतरवून ती इकडे नेरुळला घेऊन येईन, एकाच घरात सगळं नको. तोवर आई, फोटोंची साफसफाई करू नकोस.

तुमची,
मनू