हत्ती छापलेत, हात राहून गेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत न्यूयॉर्कच्या मीटपॅकिंग डिस्ट्रिक्ट भागात उभ्या केलेल्या हत्तींचा अर्ध्या पानाचा फोटो आला होता. फोटो फार सुंदर आहे. तो कापून मी दुकानातल्या कपाटाला चिकटवलाय. पण खालचा मजकूर मी तीनदा वाचला. हत्ती किती, कुठून कुठे गेले, बघायला किती गर्दी झाली, सगळं होतं. ते केले कुणी, याबद्दल मात्र ‘टाकाऊ झुडपापासून बनवलेले’ एवढेच शब्द. बनवलेले. कुणी?

मी धंद्याने बुरूड आहे, आजरा तालुक्यातला. वय ६१. आजोबांपासून आमच्या घरात सुपं, दुरड्या, रोवळ्या, डालगी होतात. पूर्वी कणग्या आणि इरलीही व्हायची, आता ती कुणी मागत नाही. हे हत्ती मी स्वतः पाहिले आहेत, हात लावून पाहिले आहेत. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी बेंगळुरूला असते. २०२४ च्या फेब्रुवारीत तिच्याकडे गेलो होतो तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, लालबागेत हत्ती आलेत, तुमच्या कामासारखं काम आहे, चला.’ मला वाटलं, वेताच्या खुर्च्या असतात तसं काहीतरी शोभेचं असेल. आत गेल्यावर झाडांच्या सावलीत पहिली हत्तीण दिसली आणि मी थांबलोच. आमच्या भागात टस्कर, म्हणजे सुळेवाला रानहत्ती येतो, तो मी रात्री बॅटरीच्या उजेडात वीस-पंचवीस पावलांवरून पाहिलाय. ती हत्तीण तेवढीच उंच होती. सोंड जरा आत वळलेली, एक कान पुढे, पाठीचा कणा थोडा वर आलेला. ठोकळेबाज हत्ती नव्हता तो. कुणीतरी ओळखीच्या हत्तिणीकडे बघून केलेला होता.

मग मी जवळ जाऊन काम पाहू लागलो. मुलगी आणि जावई पुढे गेले, मी तासभर एकाच जनावरापाशी होतो. आत लोखंडी सळईचा सांगाडा आहे. त्यावर काठ्या एकीला एक लागून बसवलेल्या, खिळ्यांनी ठोकलेल्या. पायांवर जाड आणि सरळ काठी, पोटावर लांब वळणाची, आणि सोंडेवर व डोळ्याभोवती करंगळीपेक्षाही बारीक. काठीची साल काढलेली, त्यामुळे रंग गुळासारखा. सगळ्यात अवघड जागा खांद्याची, जिथे पाय पोटाला मिळतो. तिथे काठ्यांची दिशा बदलावी लागते आणि बदल दिसू द्यायचा नसतो. आमच्या टोपलीच्या बुडाला तीच अडचण असते. त्यांनी ती जागा इतकी सहज वळवून नेली आहे की नजर अडकत नाही. हे पुस्तकात वाचून जमत नाही.

मुलीने फलकावरचं इंग्रजी वाचून सांगितलं तेव्हा कळलं की ही टणटणी आहे, इंग्रजीत लँटाना. आमच्याकडे घाणेरी पण म्हणतात. रानात जाणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहे. उग्र वास, खरखरीत पानं, काटे, आणि पोरं खातात ती काळी बारीक फळं. गुरं तिला तोंड लावत नाहीत. मूळची ती अमेरिका खंडातली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेत शोभेसाठी आणली आणि ती रानात सुटली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या वाघांच्या प्रदेशातलं ४० टक्क्यांहून जास्त जंगल तिने व्यापलं असल्याचं म्हटलं होतं. तिच्याखाली गवत येत नाही, म्हणजे हत्ती-गव्यांचा चारा जातो.

ही टणटणी तोडायची, मोठ्या भांड्यात पाण्यात उकळायची, साल सोलायची आणि ओली-गरम असतानाच सळईवर वाकवून ठोकायची, हे काम केलं ते तमिळनाडूतल्या निलगिरीत, गुडलूर भागात आणि आसपासच्या रानांत राहणाऱ्या आदिवासींनी. बेट्टकुरुंब, पणिय, कट्टुनायकन आणि सोलिगा अशा चार समाजांतल्या सुमारे २०० बायका-पुरुषांनी पाचेक वर्षं खपून १०० हत्तींचा कळप उभा केला. त्यातला प्रत्येक हत्ती गुडलूरच्या रानातल्या, चहाच्या मळ्यांतल्या एका खऱ्या हत्तीवरून केलेला आहे. शुभ्रा नायर यांनी आकार रेखाटले. तर्श थेकेकरा हे हत्ती आणि माणूस एकत्र कसे राहतात याचा अभ्यास करणारे, त्याच भागातले. परदेशातल्या प्रदर्शनांमागे आयोजक म्हणून रूथ गणेश आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात कळप लंडनच्या बागांमध्ये होता, २०२४ साली अमेरिकेत आधी न्यूपोर्ट, मग न्यूयॉर्क, आणि डिसेंबरात मायामीचा किनारा. हत्ती विकून येणारा पैसा माणूस आणि जंगली जनावरं शेजारी राहावीत म्हणून काम करणाऱ्या संस्थांना जातो.

म्हणजे आयोजकांनी कारागीर लपवलेले नाहीत. फलकावर होते, मुलीच्या फोनवरही दोन मिनिटांत सापडले. ते गळले ते आपल्या पानावर. चार शब्दांची जागा होती, संपादक महाशय.

शहरात रस्तोरस्ती जनावरं उभी करण्याची ही तऱ्हा जुनी आहे, हेही मला मुलीनेच सांगितलं. १९९८ साली झुरिकमध्ये गायी ठेवल्या, पुढच्या वर्षी शिकागोत. मुंबईतही २०१८ मध्ये रंगवलेले हत्ती ठेवले होते. त्यात जनावर फायबरचं, साच्यातून काढलेलं असतं आणि नामवंत मंडळी त्यावर रंगकाम करतात, पैसे चांगल्या कामाला जातात. त्याला माझी काही हरकत नाही. पण तिथे रंगवणाऱ्याचं नाव पाटीवर असतं. इथे तर साचाच नाही, अंगच हातांनी केलेलं आहे, मग ते करणाऱ्यांचं नाव का नको?

आमच्या धंद्यात नाव कुठेच लिहीत नाहीत. गौरीच्या सणाला ववशासाठी नवीन सुपं लागतात, लग्नात लागतात. सूप कुणाच्या हातचं, हे कुणी विचारत नाही. तरी आम्हाला ते ओळखता येतं. काठ कसा बांधलाय, चोयी, म्हणजे बांबूची पट्टी, कुठे दाबून बसवलीय, शेवट कुठे खोचलाय, यावरून मी आजही सांगू शकतो की हे सूप माझ्या वडिलांचं, हे माझ्या आत्याचं. आत्याला जाऊन २६ वर्षं झाली. तिने केलेली एक रोवळी अजून शेजारच्या घरात तांदूळ धुवायला आहे.

लालबागेत मी तेच करत होतो. तीन हत्तींचे कान एकापाठोपाठ पाहिले. दोघांच्या कानांवर काठ्या कडेकडून आत नेल्या होत्या आणि टोकं कडेला सारखी कापली होती. तिसऱ्याच्या कानावर काठ्या बुंध्यापासून पंख्यासारख्या पसरल्या होत्या आणि कड मुद्दाम थोडी फाटकी ठेवली होती, खऱ्या म्हाताऱ्या हत्तीची असते तशी. तिसरा हात वेगळा होता. बाई असेल की बाप्या, मला माहीत नाही, पण त्या माणसाने फाटक्या कानाचा हत्ती रोज पाहिलेला आहे, हे मी शपथेवर सांगेन.

आणि हेच मला सगळ्यात मोठं वाटतं. गुडलूर भागात सुमारे दीडशे हत्ती माणसांच्या वस्तीत, मळ्यांत राहतात. हे हत्ती करणाऱ्यांच्या घराच्या दारात खरे हत्ती येतात. भीती काय असते ते त्यांना माहीत आहे. आम्हालाही माहीत आहे. गेली वीसेक वर्षं कर्नाटकातून हत्ती आमच्या आजरा-चंदगडकडे आणि खाली दोडामार्गाकडे येतात. माझ्या धाकट्या भावाचा ऊस एका रात्रीत आडवा झाला. सकाळी तो बांधावर बसून होता आणि आमची आई, वय वर्षं ८३, त्या मोठ्या पावलांच्या ठशांना हळद-कुंकू वाहत होती. दोघांपैकी कुणाला मी चूक म्हणू? पंचनाम्याला वेळ लागतो, भरपाई ऊस गेल्याएवढी नसते, हे खरं आहे. आईचे हात जोडले जातात, हेही खरं आहे. गुडलूरच्या लोकांनी ही दोन्ही खरी एकाच जनावरात बसवली आहेत. फाटक्या कानासकट. आपल्या पानावर त्यांचा उल्लेख आला असता, तर चंदगडच्या एखाद्या शेतकऱ्याला कळलं असतं की हे हत्ती त्याच्यासारख्याच माणसांनी केलेत, ज्यांच्या केळी हत्तींनी खाल्ल्यात.

घरी परत आल्यावर मी ओढ्याकाठची टणटणी तोडून आणली. चिवा आणि माणगा या बांबूंवर उभा जन्म गेला, मला वाटलं ही काय चीज. वाळलेली काठी वाकवली, कडकन तुटली. ओली वाकवली, तीही पेरावर फाटली. मग बायकोचं मोठं पातेलं चुलीवर ठेवून तासभर उकळली. सगळ्या घराला त्या पाल्याचा वास लागला, पण साल हाताने सुटली आणि काठी गरम असेपर्यंत दोरीसारखी वळली. वेळ फार थोडा मिळतो. गार झाली की जिथे आहे तिथे राहते, मागे येत नाही. पहिलं डालगं वाकडं झालं, दुसऱ्याचं बूड बसलं नाही. तिसरं बरं झालं, गणपतीच्या आधी आठ दिवस. वाळवीने अजून तोंड लावलेलं नाही, यंदाचा उरलेला पाऊसही त्याने काढलाय.

या कामाला कुठली काठी कुठल्या महिन्यात तोडावी, हे मला गुडलूरच्या एखाद्या कारागिराला विचारायचं आहे. भाषेची अडचण आहे, पण काठी समोर असली की फार बोलावं लागत नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाचं त्या बाजूला जाणं-येणं असेल, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. आणि पुढे या हत्तींचा फोटो छापाल तेव्हा खाली त्या चारही समाजांची नावं लिहावीत. वर दिलेली आहेत, तशीच उतरवून घ्यावीत.

आपला,
एक बुरूड कारागीर
ता. आजरा, जि. कोल्हापूर
नोव्हेंबर २०२४