डेमोक्रिटसवर अन्याय

रविवारच्या पुरवणीतील अणूविषयीच्या लेखात प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटसच्या अणुकल्पनेला ‘नशिबाने जुळलेला अंदाज’ म्हटले आहे, ते पटले नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील ग्रीकांपुढे खरा पेच होता. तत्त्वज्ञ पार्मेनिडीसच्या मते ‘नाही’तून ‘आहे’ निर्माण होत नाही, म्हणून बदल हा भासच. पण हिरवे पान पिवळे पडताना तर डोळ्यांना दिसते! ल्युसिपस आणि त्याच्यामागून डेमोक्रिटस यांनी वाट काढली ती अशी : अणू अविनाशी, बदलते ती फक्त त्यांची मांडणी; आणि हालचालीला वाव म्हणून अणूंच्या मध्ये पोकळी. हे मत अमान्य असलेल्या अ‍ॅरिस्टॉटलनेही ते समजावताना अक्षरांचा दाखला दिला. आपल्याकडचे ‘नव’ आणि ‘वन’ घ्या. अक्षरे तीच, क्रम फिरला की शब्दच निराळा. इतक्या नेमक्या युक्तिवादाला अंदाज कसे म्हणावे? प्रयोगाचा आधार तेव्हा नव्हता, हे मान्य. त्यासाठी १९०८च्या सुमारास फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँने केलेल्या मोजमापांपर्यंत थांबावे लागले. लेखात ल्युसिपसचे तर नावही नाही. माझी नात ही पुरवणी कापून वहीत चिकटवते. पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा