हेल्पस्टनचा शेतमजूर कवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले इंग्रजी निसर्गकवितेवरचे लेख बहुधा वर्ड्‌स्वर्थपाशी सुरू होऊन कीट्सपाशी संपतात. कीट्सचे प्रकाशक जॉन टेलर यांनीच १८२० मध्ये एका शेतमजुराचा पहिला कवितासंग्रह काढला होता; त्या जॉन क्लेअरचा (१७९३-१८६४) उल्लेख मात्र मला आजवर आढळला नाही.

तेव्हाच्या नॉर्दम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टन गावी मळणीच्या मजुरीवर पोट भरणाऱ्या बापाचा हा मुलगा कामाच्या मधल्या वेळात टोपीवर कागद ठेवून लिहीत असे. १८०९ च्या कायद्याने तिथली सामायिक चराऊ जमीन कुंपणात गेली, आणि गुरे, वाट, ओढा ही सगळी कुणाच्या तरी मालकीची झाली. हे दुःख त्याने इतके जवळून मांडले आहे, की एका कवितेत स्वॉर्डी वेलची ती जमीन स्वतःच आपली कैफियत सांगते. ज्या गावात गायकी (गुराखी) आखरावर, म्हणजे गावाकडेच्या मोकळ्या जागेवर, गुरे जमवतो आणि ई-क्लासच्या (सरकारी चराईच्या) जमिनीवरून दर उन्हाळ्यात तंटे होतात, तिथल्या वाचकाला ही कविता वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

१८३७ मध्ये त्याला एपिंगच्या जंगलातल्या मनोरुग्णालयात ठेवले. १८४१ च्या जुलैत तो तिथून निघाला आणि सुमारे ऐंशी मैल पायी चालत चार दिवसांत घराकडे पोचला. वाटेत भुकेपोटी त्याने रस्त्याकडेचे गवत खाल्ले, आणि त्याची चव भाकरीसारखी लागली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याच वर्षअखेर त्याला पुन्हा नॉर्दम्प्टनच्या रुग्णालयात नेले, आणि उरलेली बावीस वर्षे तिथेच गेली.

गोगलगाईच्या शंखाला तो आपल्या गावचाच ‘पूटी’ हा शब्द वापरी. टेलर यांनी त्याच्या कवितांत विरामचिन्हे घातली आणि पुष्कळ गावठी शब्द गाळले. (आमच्याकडे मुलाने निबंधात ‘धुरा’ लिहिले, तर त्यावर लाल शाईने ‘बांध’ येते.)

पक्ष्यांच्या घरट्यांवर त्याच्या फार सुंदर कविता आहेत. त्यांतल्या दोनचार मराठीत करून पुरवणीत छापाव्यात, आणि त्या करणाऱ्याने ‘धुरा’ असेल तिथे ‘धुरा’च राहू द्यावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ