रॅपिड किट काटा शोधतच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाचा नवा उपप्रकार आला की 'काटा बदललाय, आता रॅपिड किटचा उपयोग नाही' ही आवई उठतेच. आरोग्याच्या बातम्यांतही ती अधूनमधून डोकावते. मुळात बहुतेक रॅपिड अँटिजेन किट काट्याचं, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं स्पाइक प्रथिन शोधतच नाहीत. ते शोधतात विषाणूच्या पोटातलं न्यूक्लिओकॅप्सिड, म्हणजे एन प्रथिन.

हे प्रथिन 419 अमिनो आम्लांचं. विषाणूचा सुमारे 30,000 अक्षरांचा आरएनए गुंडाळून ठेवणं हे त्याचं काम. त्याचे घट्ट घडीचे भाग दोन: पुढचा आरएनए धरतो, मागच्यामुळे दोन रेणूंची जोडी जमते. मधला दुवा आणि दोन्ही टोकं मात्र सैल. बाधित पेशीत हे प्रथिन मुबलक तयार होतं, म्हणून साध्या पट्टीवरही सापडतं.

ते बदलतच नाही असं नव्हे. ओमिक्रॉनमध्ये त्याच्या पुढच्या सैल टोकातली 31 ते 33 ही तीन अमिनो आम्लं गळालेली आहेत, तरी बहुतेक किट चालत राहिले. उलट 399व्या जागेवरच्या एका बदलाने काही किटची पकड ढिली पडली. त्यामुळे विचारायचं ते हे, की बदल किटमधली, एन प्रथिन पकडणारी अँटिबॉडी चिकटते त्याच जागी झालाय का?

आपल्या भागात किट फसतं ते बहुधा साठवणीत आणि हाताळणीत. पाकिटावर 2 ते 30 अंश सेल्सिअस छापलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत तर विचारायलाच नको. उष्णतेने अँटिबॉडी दुबळ्या होतात आणि बाधित माणूस 'निगेटिव्ह' निघतो. फ्रीजमधलं पाकीट लगेच फोडू नये, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. नाहीतर पट्टीला दमट हवा लागते.

एन प्रथिन विषाणूच्या आत असतं, ते बाहेर काढतो बफर, म्हणजे किटमधलं द्रावण. त्यातलं डिटर्जंट विषाणूचं वेष्टन फोडतं. म्हणून स्वॅब बफरमध्ये नीट घोळवून, नळीच्या कडेला दाबून पिळून काढावा. नुसता बुडवून काढला तर प्रथिन कापसातच राहतं. बफर सांडला म्हणून पाणी वापरणं तर साफ चूक, खोटी रेघ उमटू शकते. थेंब किती आणि निकाल किती मिनिटांनी, हे त्याच किटच्या पत्रकावरून घ्यावं. दिलेल्या वेळेत 'टी'जवळ (टेस्ट) पुसट रेघ आली तरी ती पॉझिटिव्हच. तासाभराने आलेल्या रेघेला अर्थ नाही. आणि 'सी'जवळची (कंट्रोल) रेघ उमटली नाही तर चाचणी बाद, पट्टी नवी घ्या.

लक्षणं असताना निगेटिव्ह आलं तर आरटी-पीसीआर करावी. आयसीएमआरचा सल्ला 2020 पासून हाच होता, पण तो पाळण्यापेक्षा निगेटिव्हचा कागद दाखवून लग्नाला जाणं सोपं वाटलं!

रक्तातल्या अँटिबॉडीचा हिशेब वेगळा. कोविशील्डमध्ये फक्त काट्याचं प्रथिन तयार होतं, त्यामुळे तेवढीच लस घेतलेल्याला एनविरोधी अँटिबॉडी आढळली तर लागण होऊन गेलेली असणार. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, तिथे हा निष्कर्ष निघत नाही. शिवाय एनविरोधी अँटिबॉडी काही महिन्यांत उतरू लागते. ती नाही म्हणजे कोरोना झालाच नव्हता, असं म्हणता येत नाही. अहवालावर नुसतं 'कोविड अँटिबॉडी' लिहिलेलं असेल तर ती एनविरुद्धची की काट्याविरुद्धची, हे लॅबमधून लिहून घ्यावं.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक, लातूर