तारीख तोच अध्याय: बाईंना आभाराचं पत्र

आदरणीय बाई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

नाताळच्या आधीचे दिवस ठाण्यात कसे जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. जांभळी नाक्यावरची खरेदी, घराची रंगरंगोटी, कॅरलची तालीम, रात्री उशिरापर्यंत करंज्या. या धांदलीत ख्रिस्ताला शोधायचं कसं, ते तुम्ही उपदेश न करता एका कागदावर लिहून दिलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय. १ डिसेंबरपासून रोज एक, तारीख तोच अध्याय. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, ही तुमची ताकीद सगळ्यांत मोलाची. राहिलेले दोन-तीन अध्याय एका रात्रीत उरकायला गेलं की वाचनाचा गृहपाठ होतो आणि दहा तारखेच्या आत पुस्तक मिटतं. पहिल्या अध्यायात ८० वचनं, म्हणजे पहिल्याच रात्री मुलं पेंगणार. म्हणून त्यातली पहिली ३८ वचनं ३० नोव्हेंबरलाच वाचून घ्यायची, हेही तुम्हीच सुचवलंत.

या क्रमात जन्माची कथा २ तारखेलाच येऊन जाते, याची काहींना चुटपुट लागते. पण त्याच अध्यायाच्या शेवटी बारा वर्षांचा येशू सणानंतर यरुशलेमातच मागे राहतो. तो सोबतच्या लोकांत असेल असं समजून मरीया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून जातात. मग नातलगांत शोध, पुन्हा यरुशलेम, आणि तीन दिवसांनी मंदिरात भेट. आपलंही डिसेंबरात हेच होतं, तो बरोबर आहे असं आपण धरूनच चालतो.

१४ तारखेचं वाचन तर नेमकं फराळाच्या यादीच्या वेळी येतं. जे तुला उलट बोलावतील त्यांना जेवायला बोलावू नकोस, गरिबांना बोलाव, असं प्रभू तिथे सांगतो. आपल्या यादीत मात्र ज्यांच्याकडून ताट भरून परत येणार ती घरं वर, आणि रात्रपाळीचा वॉचमन, जिना झाडणाऱ्या ताई तळाला. वरून वाटत गेलं की तळापर्यंत मोडक्या करंज्या आणि कलकल या नाताळच्या गोड पदार्थाचा चुरा उरतो. वाटायला खालून सुरुवात करा, हे तुमचं एक वाक्य, पण त्याने सगळं वाटप बदललं.

आजाऱ्याला भेटण्याबद्दल तुम्ही लिहिलंत तेही असंच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात प्रभू म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात. आपण केळी-सफरचंदं घेऊन जातो. रुग्णाला बहुधा ती चालत नाहीत, आणि उशाशी रात्रभर बसलेल्या माणसाकडे कोणाचं लक्ष नसतं. त्याला थर्मासमधून गरम चहा द्यायचा, तासभर आपण बसायचं आणि त्याला बाहेर बाकावर आडवं होऊ द्यायचं. ही खरी भेट.

रात्री दिवसाकडे मागे वळून पाहण्याची दहा मिनिटं तुम्ही सांगितलीत, तीही आधी उपकारस्मरणाने सुरू करायची, चुकांनी नव्हे. चुकांपासून सुरुवात झाली की झाडाझडती होते आणि मुलं तोंड मिटून घेतात. मग घर, स्टेशन, ऑफिस, परतीची वाट या क्रमाने दिवस आठवायचा: आज प्रभू कुठे भेटला, आणि कोणाला पाहून आपण पुढे निघून गेलो? शेवटी उद्याचं एकच काम, माणसाच्या नावासकट आणि वेळेसकट. ‘सगळ्यांशी प्रेमाने वागेन’ हे सकाळी लोकलच्या दारातच विसरायला होतं. ‘चौथ्या मजल्यावरच्या आजींचं औषध साडेसातला आणून देईन’ हे होतं.

२४ तारखेला अम्माऊसच्या वाटेचा अध्याय येतो. दोघं शिष्य वाटभर पुन्हा उठलेल्या येशूशी बोलतात, पण ओळखतात ते त्याने भाकर मोडली तेव्हा. हा अध्याय मध्यरात्रीच्या उपासनेला निघण्याआधी, जेवणाच्या ताटांवरच वाचावा, असं आमचं मत आहे.

यंदा वृद्धांसाठी मोठ्या अक्षरांत प्रती काढतो आहोत. छापण्याआधी कच्ची प्रत तुमच्याकडे पाठवू. राहिलेल्या चुका लाल पेनाने दाखवाल ना?

आपली,
लूक वाचणारी ठाण्यातली कुटुंबं